पुडी चालू होती, तरी फॅट उतरलं

मेंढ्या दाखवायच्या आधी मालकांनी मला पुडी दाखवली. चकचकीत पिशवी, वर 'जिवंत यीस्ट, पचनशक्ती, दूधवाढ' असं मोठ्या अक्षरांत. "डॉक्टर, ही रोज देतोय. सत्तर दिवस झाले. एक दिवस खाडा नाही. तरी फॅट उतरतंय. म्हणजे डोस वाढवायचा का?"

कळप १८० दुधाळ मेंढ्यांचा. व्यायल्यावर महिन्याभरात कोकरं आईपासून तोडायची आणि मग दिवसातून दोनदा यंत्रावर दूध काढायचं, अशी पद्धत. दूध सगळं चीजसाठी जातं, त्यामुळे दर लिटरवर नाही, फॅट आणि प्रथिनांवर ठरतो. मेंढीच्या दुधात फॅट साधारण ६ ते ८ टक्के असतं, गायीच्या दुपटीच्या आसपास. या कळपाचं टाकीतलं दूध एरवी ६.८ च्या आगेमागे असायचं. तीन आठवड्यांत ते ५.६ वर आलं होतं. प्रथिनं मात्र जिथल्या तिथे, ५.३. दूध जरासं वाढलंच होतं, म्हणून सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. दूध वाढलं की फॅट थोडं पातळ होणारच, असं सगळेच म्हणतात. पण मग प्रथिनंही त्याच प्रमाणात उतरायला हवी होती. फॅट एकटंच खाली येतं तेव्हा मी कासेकडे नंतर आणि पोटाकडे आधी बघतो.

त्याखेरीज दोन मेंढ्या अचानक मेल्या होत्या. संध्याकाळी दूध देऊन गेलेली मेंढी सकाळी ताठ. सहा-सात लंगडत होत्या. लेंड्या पडायच्या बंद होऊन शेण गायीसारखं सैल पडत होतं. हे सगळं वहिनींच्या वहीत होतं. दूध त्या काढायच्या आणि वहीही त्याच ठेवायच्या. मालकांना पुडीची तारीख पाठ होती, वहिनींना प्रत्येक मेंढीचा नंबर. या प्रकरणात निदान झालं ते वहिनींच्या वहीमुळे, हे आधीच सांगून टाकतो. (कळपाची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत.)

दुपारी, सगळ्या निवांत बसलेल्या असताना, मी गोठ्याच्या कडेला उभा राहून मोजत बसलो. ४१ मेंढ्या आडव्या पडलेल्या, त्यांतल्या १३ रवंथ करत होत्या. खाऊन निवांत बसलेल्या कळपात निम्म्याहून जास्त जणींचं तोंड हलत असावं, हा आमचा ढोबळ हिशेब. शेण चाळणीवर घेऊन पाण्याखाली धुतलं: जवाचे अर्धवट तुकडे, बारीक गवत, आणि शेंबडासारखे काही पापुद्रे. हे पापुद्रे म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराची तक्रार. पिष्ट (स्टार्च) कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटात, न पचता पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतंय, असा त्याचा अर्थ.

मग संध्याकाळचं दूध काढणं पाहिलं. मला वाटतं, कुठल्याही पुरवणीबद्दल मत देण्याआधी खाणं प्रत्यक्ष पाहावं. कागदावरचा आहार आणि गव्हाणीतला आहार यांत फार अंतर असतं. इथे कागदावर दिवसाला १.२ किलो खुराक होता. दुधाच्या मानाने जास्त, पण अगदीच अघोरी नव्हे. प्रत्यक्षात तो दोनच वेळा, दूध काढायच्या ओट्यावर, ६०० ग्रॅमच्या ढिगाने पडत होता. जव आणि गव्हाचा बारीक भरडा, गरम पाण्यात कालवून केलेलं आंबोण. एका मेंढीने ते संपवायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. पहाटेच्या वेळी तर त्या रात्रभराच्या रिकाम्या पोटानेच ओट्यावर यायच्या, कारण गव्हाण रात्री अकरानंतर रिकामी असायची. वैरण? तीही होती. पण दोन महिन्यांपूर्वी नवं कुट्टी यंत्र आलं होतं आणि गवत बोटाच्या पेराएवढंही लांब राहत नव्हतं. वाया जात नाही, म्हणून मालक खूश.

वही उलटून पाहिली तर कोकरं तोडल्यावर खुराक ५०० ग्रॅमवरून १.२ किलोवर गेला होता पाच दिवसांत. कोठीपोटातल्या जीवाणूंना नव्या खाण्याशी जुळवून घ्यायला दोन ते तीन आठवडे लागतात. आम्ल शोषून घेणाऱ्या कोठीपोटाच्या अस्तरावरच्या बोटांसारख्या गाठी वाढायला त्याहून जास्त, चार ते सहा आठवडे. पाच दिवसांत दोन्हींपैकी काहीच होत नाही.

खुराक खाल्ल्यावर साधारण पाच तासांनी १२ मेंढ्यांच्या कोठीपोटातला द्रव तोंडातून नळी घालून काढला. नळीने काढताना लाळ मिसळते आणि सामू (पीएच, तो जितका खाली तितकं आम्ल जास्त) खोटाच वर दिसतो, म्हणून पहिला ओघ टाकून दिला. एवढी काळजी घेऊनही पाच जणींचा सामू ५.५ च्या खाली निघाला. निरोगी, वैरण खाणाऱ्या मेंढीत तो ६ ते ६.८ च्या पट्ट्यात असतो. द्रवाला आंबट वास, रंग दुधट करडा. सूक्ष्मदर्शकाखाली मोठे प्रोटोझोआ (कोठीपोटात राहणारे एकपेशीय जीव) जवळजवळ दिसेनातच. ते आम्लाला सर्वांत आधी बळी पडतात, म्हणून त्यांची हजेरी घेणं हा जुना आणि स्वस्त उपाय. मेलेल्या दुसऱ्या मेंढीचं शवविच्छेदन झालं होतं, त्यात आंत्रविषाराचा निष्कर्ष होता. लसीचा बूस्टर चुकला होता. पण नुसती लस चुकल्याने मेंढी मरत नाही. आतड्यात आधीपासून असणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सला न पचलेल्या पिष्टाची मेजवानी मिळाली की तो विष तयार करतो. इथे ती मेजवानी रोज दोनदा होत होती.

निदान: कोठीपोटातली सौम्य, पण रोजची आम्लता. 'सब-ॲक्यूट रुमिनल ॲसिडोसिस' या इंग्रजी नावाचं लघुरूप 'सारा' आता गोठ्यांतही ऐकू येतं.

आता मालकांचा प्रश्न. यीस्ट तर याच कामासाठी विकतात, मग चाललं का नाही?

यीस्ट कोठीपोटात काय करतं, ते नीट सांगायला हवं, कारण पिशवीवरचे दावे सगळे खोटे नसतात. कोठीपोटात एका मिलिलिटरमध्ये १० अब्ज ते १०० अब्ज जीवाणू असतात आणि त्यांतले बहुतेक प्राणवायूचे वैरी. चारा, पाणी, लाळ यांच्याबरोबर थोडा प्राणवायू सतत आत येत राहतो. सॅक्रोमायसीस सेरेव्हिसी हे यीस्ट तो ओढून घेतं. त्याने तंतू फोडणाऱ्या जीवाणूंचं, फायब्रोबॅक्टर आणि रुमिनोकॉकस मंडळींचं, जगणं सोपं होतं. शिवाय यीस्टमधून मिळणारी जीवनसत्त्वं आणि मॅलेटसारखी सेंद्रिय आम्लं लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या मेगास्फेरा एल्सडेनी आणि सेलेनोमोनास या जीवाणूंना चालना देतात. साखरेसाठी यीस्ट स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिसशी स्पर्धाही करतं, म्हणजे लॅक्टिक आम्ल बनवणाराच थोडा उपाशी राहतो. हे सगळं प्रयोगशाळेत दिसतं आणि जनावरातही दिसतं.

किती दिसतं, हा खरा प्रश्न. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात रवंथ करणाऱ्या जनावरांवरचे यीस्टचे अनेक प्रयोग एकत्र मांडले होते. सामूत सरासरी वाढ निघाली ०.०३. दूध थोडं वाढलं, पचनात किंचित सुधारणा झाली, लॅक्टिक आम्ल कमी झालं. हे परिणाम खरे आहेत, पण लहान आहेत. आमच्या मेंढ्यांना निदान अर्ध्या एककाची उचल हवी होती. ०.०३ ने ती भरून निघेल अशी आशा धरणं म्हणजे गळक्या टाकीखाली वाटी ठेवण्यासारखं.

दुसरी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. तीव्र आम्लतेत, मेंढीने पोत्यात तोंड घातलं की होते तशीत, लॅक्टिक आम्ल साचतं. ते इतर आम्लांहून साधारण दहापट तीव्र असतं आणि जनावर आडवं पाडतं. रोजच्या सौम्य आम्लतेत मात्र लॅक्टिक आम्ल बहुधा फारसं साचत नाही. तिथे ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही रोजचीच, कामाची आम्लं शोषली जाण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने तयार होतात. म्हणजे यीस्टचा जो सर्वांत नावाजलेला गुण, लॅक्टिक आम्ल खाणाऱ्यांना मदत, त्याला इथे काम कमीच होतं.

आम्ल उतरवणारी खरी यंत्रणा मेंढीच्या तोंडात असते. मेंढी दिवसाला साधारण ६ ते १६ लिटर लाळ गिळते आणि त्या लाळेत बायकार्बोनेट आणि फॉस्फेट असतं. लाळ सुटते चघळल्याने. पेराएवढं गवत आणि पातळ आंबोण चघळायला काय लागतं? चार्‍याची लांबी गेली की रवंथ जाते, रवंथ गेली की लाळेतला सोडा जातो. दुपारी मोजलेल्या ४१ पैकी १३ या आकड्यात सगळं प्रकरण होतं.

फॅट उतरण्याचाही धागा इथलाच. सामू खाली गेला की काही जीवाणू चाऱ्यातल्या तेलावर वेगळ्या वाटेने काम करतात आणि ट्रान्स-१०, सिस-१२ नावाचं एक संयुक्त लिनोलेइक आम्ल तयार होतं. ते रक्तातून कासेत पोचतं आणि तिथे फॅट बनवणारी यंत्रणा मंद करतं. मेंढीत हा परिणाम गायीइतका हुकमी नसतो, मेंढ्या बऱ्याचदा कमी तंतूवरही फॅट टिकवून धरतात. म्हणून मेंढ्यांचं फॅट एवढं घसरलं की मी जास्तच धास्तावतो.

एक आडवाट. "बाहेरून दिलेले जीवाणू पोटात राहतात तरी का?" असं मालकांनी विचारलं. सहसा नाही. यीस्टला कोठीपोटातलं ३९ अंशांचं तापमान मानवत नाही. ते एखाद-दोन दिवस जिवंत राहून पुढे निघून जातं. म्हणूनच ते रोज द्यावं लागतं. कायमचं बसलेलं एक उदाहरण मात्र सुंदर आहे. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाणाऱ्या जनावरांना गलगंड व्हायचा, अंगावरचे केस गळायचे. हवाईतल्या शेळ्या तीच सुबाभूळ खाऊन धडधाकट होत्या. रेमंड जोन्स या संशोधकाने १९८०च्या दशकात दाखवलं की फरक कोठीपोटातल्या जीवाणूंचा आहे. हवाईतल्या शेळ्यांमधले ते जीवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले, आणि ते तिथे टिकले. १९९२ मध्ये त्या जीवाणूला जोन्स यांच्याच नावावरून सिनर्जिस्टिस जोन्सी हे नाव मिळालं. तो टिकला, कारण त्याच्यासाठी जागा रिकामी होती: सुबाभळीतल्या विषापासून बनणारा एक पदार्थ तिथे दुसरं कुणी खातच नव्हतं. यीस्टसाठी अशी कुठलीही खुर्ची मोकळी नाही.

पण इथवर आपण जिवंत यीस्टची गोष्ट बोलतोय. या कळपात ते जिवंत होतं का?

पिशवी ठेवली होती दूध काढायच्या खोलीत, पाणी तापवायच्या टाकीवर. तिथे ती कोरडी राहते म्हणून. तोंड कपड्याच्या चिमट्याने बंद. पुडीतली भुकटी रोज आंबोणात टाकली जायची. आंबोणाचं पाणी उकळतं, "विरघळायला सोपं जातं." मी वहिनींना विचारलं, पावाचं पीठ भिजवायला कोमट पाणी का घेतात? त्या हसल्या. मालक नाही हसले.

उघड्या पिशवीतला नमुना आणि त्याच बॅचच्या सीलबंद पिशवीतला नमुना, असे दोन प्रयोगशाळेत पाठवले. लेबलवर ग्रॅममागे ५० कोटी जिवंत पेशी लिहिल्या होत्या. सीलबंद पिशवीत आकडा त्याच्या जवळपास निघाला. उघड्या पिशवीत ४ लाख. म्हणजे बनवणाऱ्याने फसवलं नव्हतं. टाकीच्या उबेने आणि खोलीतल्या दमटपणाने बहुतेक यीस्ट मारलं होतं आणि उरलंसुरलं उकळत्या पाण्याने. बॅसिलस जातीच्या जीवाणूंचे बीजाणू असते तर कदाचित तगले असते, ते गोळीखाद्याच्या कारखान्यातली ७०-८० अंशांची वाफही सोसतात. साध्या यीस्टला ते जमत नाही. 'पुरेशा प्रमाणात दिल्यावर फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव' अशी काहीशी व्याख्या प्रोबायोटिकची. २००१ मध्ये एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी ती मांडली. तिच्यातले 'जिवंत' आणि 'पुरेशा' हे दोन्ही शब्द त्या टाकीवर शिजून गेले होते.

खरी कळ मात्र पिशवीच्या मागच्या बाजूला होती, अगदी बारीक अक्षरांत. ही भुकटी गायींसाठी होती आणि तिच्यात यीस्टबरोबर खनिज मिश्रणही होतं. तांबं: किलोमागे १,५०० मिलिग्रॅम.

मेंढी आणि तांबं हे जुनं वैर. गाय जास्तीचं तांबं पित्तातून बरंचसं बाहेर टाकते. मेंढीला ते नीट जमत नाही, ती यकृतात साठवत राहते. महिनोन् महिने काही दिसत नाही. मग एखाद्या ताणाने, वाहतूक, हवामान, उपासमार, कशानेही, ते सगळं एकदम रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशी फुटतात. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, आणि दोन दिवसांत मेंढी खलास. हिशेब वहिनींच्या वहीच्या मागच्या पानावरच केला. रोज २० ग्रॅम भुकटी म्हणजे ३० मिलिग्रॅम तांबं. मेंढी खाते साधारण अडीच किलो सुकं खाद्य, म्हणजे किलोमागे १२ मिलिग्रॅमची भर. वैरण-खुराकातलं मूळचं ८ धरलं तर २० झालं. युरोपीय संघात मेंढ्यांच्या पूर्ण खाद्यात किलोमागे १५ मिलिग्रॅम ही तांब्याची कमाल मर्यादा आहे. चाऱ्यात मॉलिब्डेनम आणि गंधक किती, यावर धोका वरखाली होतो, पण २० वर सत्तर दिवस म्हणजे मी झोपलो नसतो.

आणि मालक विचारत होते, डोस वाढवू का.

दहा मेंढ्यांचं रक्त घेतलं. तिघींमध्ये जीजीटी हे यकृताचं विकर चढलेलं निघालं. कावीळ कुणालाच नव्हती. पुडी त्याच दिवशी बंद केली. चाऱ्यातलं मॉलिब्डेनम तपासून, हिशेबाने सोडियम मॉलिब्डेट आणि सोडियम सल्फेट काही आठवडे खुराकातून दिलं. हा उपाय डॉक्टरच्या देखरेखीशिवाय कुणी करू नये, मॉलिब्डेनम जास्त झालं तर तांब्याचा दुष्काळ पडतो. पुढचे तीन महिने कळप हलवायचा नाही, लोकर कातरायची नाही, उपाशी ठेवायचा नाही, असं ठरलं.

खाण्यातले बदल तसे साधे होते, पण करून घ्यायला सर्वांत अवघड गेले. पहाटे दूध काढायच्या अर्धा तास आधी लांब गवत. कुट्टीची पाती सैल करून तुकडा चार-पाच सेंटिमीटरचा. ओट्यावर दोनदा फक्त २५० ग्रॅम खुराक, बाकी दोन वेळा गव्हाणीत वैरणीवर पसरून. गहू बंद, त्याच्या जागी बीटचा चोथा आणि सोयाबीनची टरफलं. ही ऊर्जा देतात पण पिष्ट नसल्याने आम्लाचा असा लोंढा आणत नाहीत. आंबोण बंद. आणि जव भरडायचा नाही, अख्खा द्यायचा.

या शेवटच्यावर मालक अडले. "अख्खा जव शेणातून तसाच बाहेर पडेल." गायीत पडतो. मेंढी दाणा चावून फोडते. स्कॉटलंडमधल्या रोवेट संस्थेत एर्स्कोव्ह या संशोधकांनी १९७०च्या दशकात कोकरांवर काम करून दाखवलं होतं की दळून गोळी केलेल्या जवापेक्षा अख्ख्या जवावर कोठीपोटाचा सामू वर राहतो आणि पचनात म्हणण्यासारखा तोटा होत नाही. दळणाचा खर्च आणि आम्लता, दोन्ही वाचतात. मालकांनी आठवडाभर शेण चाळलं, मग गिरणी बंद केली.

खायचा सोडा खुराकाच्या एक टक्का, फक्त तीन आठवडे. आंत्रविषाराची लस सगळ्यांना.

पहिल्या आठवड्यात दूध घटलं. हे मी आधी सांगितलं होतं, तरी तीन फोन आले. नवव्या-दहाव्या दिवशी वहिनींच्या वहीत 'लेंड्या' हा शब्द परत आला. चौथ्या आठवड्यात टाकीचं फॅट ६.५. दूध जवळजवळ पहिल्याइतकं. अचानक मरण्याचे प्रकार थांबले. लंगडणाऱ्यांपैकी दोघींचे खूर मात्र वाकडेच राहिले, ती हानी भरून येत नाही.

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण मालकांचा यीस्टवरचा विश्वास ढळला नव्हता आणि खरं सांगायचं तर माझाही पूर्ण ढळला नव्हता. मेलेलं यीस्ट चाललं नाही, एवढंच सिद्ध झालं होतं. म्हणून नुसत्या जिवंत यीस्टचं, खनिजं नसलेलं, मेंढ्यांसाठीचं उत्पादन आणलं आणि ते शीतकपाटात ठेवून नीट चाचणी घेतली. ६० मेंढ्यांचे दोन वाडे, वेत आणि दूध यांच्या हिशेबाने जोड्या लावून. दोन सारखे डबे, एकात यीस्ट आणि कोंडा, दुसऱ्यात नुसता कोंडा. एकावर निळी पट्टी, एकावर पिवळी. कुठल्यात काय ते फक्त मला माहीत, दूध काढणाऱ्या वहिनींनाही नाही. चार आठवड्यांनी डबे अदलाबदल, आणि बदलानंतरचे पहिले दहा दिवस हिशेबातून बाद.

ही अदलाबदल करायचं कारण बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एका वाड्याला यीस्ट आणि दुसऱ्याला नाही, अशी चाचणी कितीही मेंढ्यांवर घेतली तरी तुलना दोनच गोष्टींची होते: वाडा आणि वाडा. वाऱ्याची दिशा, पाण्याचं भांडं, एखादी दांडगट मेंढी, कशानेही फरक पडू शकतो. आणि 'पुडी सुरू केली, दूध वाढलं' ही तर चाचणीच नव्हे. व्यायल्यावर तीन ते पाच आठवड्यांत दूध आपोआपच शिखरावर जातं. या उद्योगातली निम्मी प्रशस्तिपत्रं त्या चढणीवर लिहिलेली असतात.

निकाल: दुधात वाचता येईल असा फरक नाही. फॅट यीस्टच्या वाड्यात दोन्ही वेळा ०.१ ते ०.२ ने वर. शेणात फरक नाही. कासेची सूज ओळखायला दुधातल्या पेशी मोजतात, त्या मोजणीतही नाही. दगडीवर, म्हणजे कासेच्या सुजेवर, यीस्ट चालतं असा दावा त्या दुसऱ्या पिशवीवरही होता, त्याला इथे आधार मिळाला नाही. एक गोष्ट मात्र चाचणीत न योजलेली घडली. दुसऱ्या टप्प्यात चार दिवस चांगलं गवत आलंच नाही आणि दोन्ही वाड्यांना बारीक, निकृष्ट वैरणीवर काढावं लागलं. यीस्टच्या वाड्यातल्या मेंढ्यांनी गव्हाण बऱ्यापैकी साफ केली, दुसऱ्या वाड्यात उरलं. यीस्टचा उपयोग बदलाच्या आणि ताणाच्या काळात जास्त दिसतो, या इतरत्रच्या अनुभवाशी ते जुळतं. पण घटना एक, वाडा एक. मी अर्धा विश्वास ठेवतो.

त्यावरून ठरलं ते असं: यीस्ट वर्षभर नाही. व्यायच्या आधीचे तीन आठवडे, आणि नंतर खुराक वाढत असेपर्यंत. कोमट किंवा कोरड्या खुराकात, रोज, ताज्या पिशवीतून. खुराक वाढवायचा तो तीन आठवड्यांत.

कोकरांचं थोडक्यात. त्यांना दुधाच्या भुकटीतून लॅक्टोबॅसिलसची वेगळी पुडी जायची आणि हगवण लागली की पाण्यातून प्रतिजैविक. दोन्ही एकाच दिवशी. एका हाताने जीवाणू घालायचे, दुसऱ्याने मारायचे. कोठीपोट तयार व्हायच्या आधी कोकरात आतड्यातल्या जीवाणूंना महत्त्व असतं हे खरं, पण वहीत पाहिलं तर हगवणीची बहुतेक कोकरं रात्री जन्मलेली होती आणि त्यांना चीक सकाळी मिळाला होता. रात्रीची एक फेरी सुरू झाली. पुडीचं काय करायचं ते मी मालकांवर सोडलं.

पाच महिन्यांनी एक म्हातारी मेंढी दात गेल्यामुळे कळपातून काढली. वहिनींनी आठवणीने तिच्या यकृताचा तुकडा बर्फात घालून पाठवला. अहवाल आला तेव्हा तांबं अजूनही नेहमीच्या पट्ट्याच्या बरंच वर होतं. मी फोन केला. मालकांनी उचलला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कातरणी पुढे ढकलू ना?"